उताराकडे तोंड करून

डोंगरावर नेणाऱ्या तारेवरच्या खुर्चीवरून, म्हणजे चेअरलिफ्टवरून, पायांत स्कीच्या लांब पट्ट्या घेऊन बर्फावर उतरेपर्यंत मी ठीक होते. पुढे पंधरा-वीस पावलांची सपाटी होती. तिच्यावरून सरकत दादाच्या शेजारी जाऊन थांबले, खाली पाहिलं आणि माझे गुडघे ताठ झाले. सपाटीच्या काठापलीकडे उताराचा वरचा भाग दिसतच नव्हता. एक पांढरी कड, मग काहीच नाही, आणि मग एकदम खूप खाली लिफ्टच्या तळाचं छप्पर आणि तिळाएवढी माणसं.

"ये माझ्यामागून. हळूहळू जाऊ," दादा म्हणाला.

"दादा, मला नाही जमणार."

"अगं, सकाळी जमलं ना? तेच करायचंय इथे."

सकाळी जमलं होतं, हे खरं. पण सकाळचा उतार असा होता की काहीच केलं नाही तरी स्की आपोआप थांबायच्या. पायथ्याशी मोकळं सपाट मैदान होतं आणि तेच माझा ब्रेक होतं. इथे तसं काही नव्हतं. दादा कितीतरी वर्षं स्की करतोय. मला जमेल याची त्याला मनापासून खात्री होती आणि ती तो मला देऊ करत होता. पण दुसऱ्याच्या खात्रीवर आपले पाय हलत नाहीत. माझी अकरा वर्षांची मुलगी "आई, बघ, सोप्पंय!" म्हणत शेजारून निघून गेली आणि त्या पांढऱ्या कडेपलीकडे दिसेनाशी झाली. मी मात्र तिथे जवळजवळ चाळीस मिनिटं उभी होते. शेवटी स्की काढल्या, खांद्यावर घेतल्या आणि उताराच्या कडेकडेने, बुटांच्या टाचा बर्फात रोवत चालत खाली आले. दादा सगळी वाट माझ्या वेगाने, माझ्या खालच्या बाजूला राहून उतरला. एक शब्द बोलला नाही.

त्या रात्री मी स्वतःला भित्री ठरवून टाकलं. या गोष्टीला आता सहा हिवाळे झाले. या सहा हिवाळ्यांत पडले, उठले, शिकले, पुन्हा विसरले, आणि आता मला वाटतं की त्या दिवशीची माझी भीती अगदी बरोबर होती. मला थांबता येत नव्हतं. माझ्या शरीराला ते ठाऊक होतं आणि ज्याला थांबता येत नाही त्याने उतारावर निघू नये, हे ते मला त्याच्या भाषेत सांगत होतं. "घाबरू नकोस" हा सल्ला म्हणूनच निरुपयोगी ठरला. भीतीने मुद्द्याची गोष्ट काढली होती आणि आम्ही सगळे तिला गप्प बसायला सांगत होतो.

पण भीतीची एक अडचण आहे. ती इशारा बरोबर देते, उपाय मात्र चुकीचा सुचवते.

उतारावर भीती वाटली की माणूस मागे रेलतो. हे शिकावं लागत नाही; पडणाऱ्या कोणत्याही माणसाचं शरीर तेच करील. दरीपासून दूर, डोंगराकडे, जमिनीच्या जवळ. पायात साधे बूट असते तर ते शहाणपणाचंही ठरलं असतं. स्कीवर मात्र मागे रेललं की वजन शेपटांवर जातं, पुढची टोकं हलकी होतात आणि बर्फावर नुसती तरंगू लागतात. स्की वळते ती तिच्या पुढच्या भागाची कड बर्फात धरते म्हणून. तिथे वजनच नसेल तर कड धरत नाही. वळणही घेता येत नाही आणि वेगही कमी करता येत नाही. मग वेग वाढतो, वेग वाढला की भीती वाढते आणि माणूस आणखी मागे रेलतो. काही क्षणांत मांड्या पेटतात, कारण खुर्ची नसताना खुर्चीवर बसल्यासारखं सगळं अंग त्यांनीच तोललेलं असतं. नवशिक्याच्या बहुतेक पडण्यांची कहाणी इतकीच आहे. तो भीतीचं ऐकतो आणि भीती त्याला नेमकं तेच करायला लावते ज्याने तो पडेल.

दुसऱ्या दिवशी मी एका प्रशिक्षकांकडे गेले. साठीच्या आसपासचे, कमी बोलणारे गृहस्थ. मी त्यांना आदल्या दिवशीचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला तो बुटांबद्दल. "टाच उचलली जातेय का आत?"

जात होती. बूट भाड्याने घेताना मी पायाला आरामात बसतील असे घेतले होते, वर दोन जाड मोजे. त्यांनी बूट बदलायला लावले. एकच पातळ मोजा, आत विजारीची एक घडीसुद्धा नको. सरळ उभं राहिलं की पायाची बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवले की ती मागे सरकली पाहिजेत. नडगी कायम बुटाच्या पुढच्या जिभेला टेकलेली. हे सविस्तर लिहिते आहे, कारण भीतीबद्दल बोलताना कुणी बुटांबद्दल बोलत नाही. सैल बुटात पाय आधी हलतो आणि स्की नंतर हलते. आपण सांगितलेलं आपल्या पायांना ऐकू जात नाही असं वाटतं आणि ते वाटणं खरं असतं. त्या एका बदलाने माझी निदान चौथा हिस्सा भीती गेली असेल.

बुटाला स्कीशी धरून ठेवणाऱ्या खटक्याचं, म्हणजे बाइंडिंगचंही तसंच. पडताना स्की पायातून सुटली नाही तर गुडघा पिळवटतो, आणि उगाच सुटली तर आपण धड असताना पडतो. ती किती जोराला सुटावी हे ठरवायला वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि आपली स्की करण्याची पातळी, एवढं सगळं लागतं. तिथल्या माणसाने विचारलं तर वजन आणि पातळी दोन्ही खरी सांगावीत. संकोचापोटी एक आकडा कमी आणि एक जास्त सांगणारे मी पाहिले आहेत.

मग पाचर. स्कीची पुढची टोकं जवळ, शेपटं एकमेकांपासून लांब, आणि आतल्या कडांवर हलकासा दाब. मुलांना हे पिझ्झ्याचा तुकडा म्हणून शिकवतात आणि माझी मुलगी मला दिवसभर "आई, पिझ्झा कर, पिझ्झा!" असं ओरडून सांगत असे. पाचर रुंद केली की वेग कमी, अरुंद केली की जास्त. ऑस्ट्रियातल्या आर्लबर्गमध्ये हानेस श्नायडर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत स्की शिकवण्याची एक क्रमवार पद्धत बसवली. आधी पाचर, मग पाचरीतून वळण, आणि सगळ्यात शेवटी दोन्ही स्की समांतर ठेवून वळणं. शंभर वर्षांत साधनं पार बदलली. १९९० च्या दशकात कमरेला निमुळत्या स्की आल्या आणि वळणं कितीतरी सोपी झाली. तरी नवशिक्याचा पहिला धडा बहुतेक ठिकाणी अजून ब्रेकचाच असतो. मला यात फार मोठी माया दिसते. शिकवणाऱ्यांच्या पिढ्यांनी हे मान्य केलं आहे की समोरचा माणूस घाबरलेला येणार आणि त्याच्या हाती आधी थांबण्याची किल्ली द्यायला हवी.

माझे प्रशिक्षक मात्र पाचरीवर थांबले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला एका बऱ्यापैकी उतारावर नेलं आणि म्हणाले, "आज वळायचं नाही. आज खाली तोंडच करायचं नाही."

उताराला आडवं उभं राहायचं. दोन्ही स्की समांतर, वरच्या कडा बर्फात रुतलेल्या. मग घोटे आणि गुडघे अगदी थोडे, बोटभर, दरीच्या बाजूला ढिले सोडायचे. कडा सपाट होतात आणि आपण आडवेच्या आडवे खाली घसरू लागतो. पुन्हा गुडघे डोंगराकडे घेतले की कडा रुततात आणि आपण थांबतो. सोड, धर. सोड, धर. स्की करणारे याला साइड स्लिप म्हणतात. बघणाऱ्याला हे स्कीइंग वाटत नाही, आणि मुलं तर याला लगेच कंटाळतात. मी दोन तास तेवढंच केलं.

त्या दोन तासांत नेमकं काय झालं याचा उलगडा मला बऱ्याच नंतर, एका संशोधनाविषयी वाचताना झाला. व्हर्जिनिया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ डेनिस प्रॉफिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये उतारांविषयीचे काही प्रयोग प्रसिद्ध केले. माणसांना टेकड्यांसमोर उभं करून चढ किती अंशांचा वाटतो ते विचारलं. ५ अंशांची टेकडी लोकांना साधारण २० अंशांची वाटत होती, १० अंशांची ३० अंशांची. मग त्यांनाच एक हलती फळी देऊन, तिच्याकडे न बघता, नुसत्या तळहाताने ती टेकडीइतकी तिरकी करायला सांगितलं. हाताने दाखवलेला कोन खऱ्याच्या पुष्कळ जवळ आला. डोळे आणि जीभ अतिशयोक्ती करत होते, हात करत नव्हता. पुढे २००८ मध्ये याच गटाने आणखी एक प्रयोग मांडला. टेकडीच्या माथ्यावर काही लोकांना स्केटबोर्डवर उभं केलं, काहींना तेवढ्याच उंचीच्या स्थिर खोक्यावर. स्केटबोर्डवर ज्यांना भीती वाटली, त्यांना तीच टेकडी जास्त खडी दिसली.

हे वाचल्यावर मला तो पहिला दिवस आठवला, ती पांढरी कड आणि पलीकडची पोकळी. आल्प्समधल्या बऱ्याच ठिकाणी निळ्या खुणेचा, म्हणजे सोपा उतार, थोडे तुकडे सोडले तर २५ टक्क्यांहून जास्त खडा नसतो. २५ टक्के म्हणजे जेमतेम १४ अंश. लाल खुणेचा ४० टक्क्यांपर्यंत, म्हणजे साधारण २२ अंश. त्याहून खडे ते काळे. आकडे इतके साधे आहेत. पण माथ्यावर उभं राहून हे आकडे मनाशी म्हणून काहीच फरक पडत नाही, कारण डोळ्यांना आकडे कळत नाहीत. डोळ्यांना भिंत दिसते.

साइड स्लिप करताना मी नकळत उतार मोजण्याचं काम डोळ्यांकडून काढून पायांकडे दिलं होतं. घोटा बोटभर सोडला की किती घसरते, किती धरला की थांबते, याचा हिशेब तळव्यांना मिळत होता. दोन तासांनी मी वर पाहिलं तर मी त्या उताराच्या बरोबर मध्यावर होते आणि मला तो अंगणाइतका ओळखीचा वाटत होता. त्याचा कोन बदलला नव्हता. प्रत्येक हाताच्या अंतरावर मी थांबून पाहिलं होतं, एवढंच. त्या दिवसापासून कुठल्याही नव्या उतारावर मी आधी दोन-तीन हात आडवी घसरते. लाजत नाही. पायांनी हो म्हटलं की मग डोळ्यांना विचारते.

आता वळण. यावर मी कितीही लिहू शकेन.

उतारावर आडवं जात राहिलं तर कधीतरी कडेला पोचणारच आणि तिथून दुसऱ्या बाजूला यायचं तर मध्ये एक क्षण असा येतो की स्कीची टोकं सरळ खाली, दरीकडे असतात. उतारावर पाणी ओतलं तर ते ज्या वाटेने ओघळेल ती फॉल लाइन. वळण म्हणजे त्या वाटेला भेटून पलीकडे जाणं. भेट सेकंद-दोन सेकंदांची. पण त्या वेळात वेग वाढतो, वाढणारच, आणि शरीराला वाटतं की आता हा वाढतच राहणार. मी त्याच क्षणी मागे यायचे. अर्ध्या वळणातून पुन्हा आडवी व्हायला बघायचे, एक स्की ऐकायची, दुसरी ऐकायची नाही, आणि मी बसकण मारायचे. असं किती वेळा झालं ते मोजलं नाही. एका दुपारी मी बर्फात बसून रडले हे मात्र आठवतं. पडल्याचं दुखलं म्हणून नव्हे. काय करायचं हे नीट समजत होतं आणि तरी शरीर ऐकत नव्हतं, त्याचं ते रडू होतं.

प्रशिक्षक शेजारी येऊन थांबले. म्हणाले, "तुम्ही वळण सोडून देताय. ते तुम्हाला सोडत नाहीये."

मला कळलं नाही. मग त्यांनी काठीने बर्फावर वळणाची रेघ काढली. आत शिरतानाचा भाग, मधला सरळ खाली जाणारा भाग आणि बाहेर येतानाचा भाग. "वेग मधे वाढतो आणि इथे संपतो," त्यांनी रेघेच्या शेवटाला काठी टेकवली. "तुम्ही मधेच उठून जाता, म्हणून तो संपलेला तुम्ही कधी पाहिलाच नाही."

मी त्या रेघेकडे बघत राहिले. खरंच, इतक्या दिवसांत मी एकही वळण शेवटापर्यंत पाहिलं नव्हतं. माझ्या लेखी वेग ही वाढत जाणारी गोष्ट होती, कारण तो कमी व्हायच्या आधी मी दरवेळी निघून गेले होते. पूर्ण झालेलं वळण स्वतःच ब्रेक असतं. ते आडवं येऊन, थोडं डोंगराकडेही चढलं, की वेग आपोआप गळतो. ही साधी गोष्ट कुणी सांगून पटली नसती. पण काठीची ती रेघ समोर होती.

त्यांनी मला मोठ्याने मोजायला लावलं. वळणात शिरताना एक, टोकं खाली असताना दोन, तीन, आणि बाहेर पडताना चार, पाच, सहा. तोंडाने आकडे म्हणायचे, म्हणजे श्वास कोंडता येत नाही. श्वास कोंडला की बरगड्यांपासून घोट्यांपर्यंत सगळं आखडतं आणि आखडलेल्या पायांना बर्फातला लहानसा उंचवटाही हिसका देतो. आकडे म्हणत राहिलं की गुडघे मऊ राहतात. शिवाय "दोन"ला पळून जावंसं वाटलं तरी पुढे "तीन" असतो, "चार" असतो. शेवट ठरलेला असतो. वजन बाहेरच्या स्कीवर, म्हणजे वळण संपताना जी दरीच्या बाजूला येते तिच्यावर. भीती म्हणते डोंगराकडे कल. तसं केलं की वजन आतल्या स्कीवर जातं आणि बाहेरची पायाखालून निघून जाते. म्हणून छाती दरीकडे, हात पुढे, आणि नजर जिथे जायचं तिथे. नजर झाडावर खिळली तर स्की झाडाकडेच जाते, हे ऐकून होते, आणि एकदा अनुभवलंही.

पहिलं पूर्ण वळण झालं तेव्हा मी सहा म्हणाले आणि थांबले. दोन, तीनला पोटात खड्डा पडला होता. चारला स्कीच्या कडेने बर्फ धरल्याचा आवाज आला, खरवडल्यासारखा, आणि त्या आवाजासरशी वेग उतरला. मी मागे वळून माझी रेघ पाहिली. ती त्यांनी काठीने काढलेल्या रेघेसारखी सुबक नव्हती, पण तिला शेवट होता.

पुढे रोज तेच. मराठीत आपण म्हणतो की भीड चेपते. स्कीच्या डोंगरावर हा शब्द मला नव्याने कळला. ताजा पडलेला बर्फ भुसभुशीत असतो, त्यावर पाय रुततो. रात्री मोठी यंत्रं उतारावरून फिरतात, बर्फ ढवळतात, चेपतात, आणि सकाळी त्यावर कॉर्डरॉयच्या कापडासारख्या बारीक सरळ रेघा उमटलेल्या असतात. तो चेपलेला बर्फ आपल्याला पेलतो. पण तो एकदा चेपून कायमचा राहत नाही. दुपारपर्यंत माणसांच्या वळणांनी त्याचे ढीग होतात, उन्हाने तो पाणचट होतो, रात्री गोठून कडक होतो आणि पुन्हा यंत्रं येतात. माझं धैर्यही तसंच आहे. दर हिवाळ्यात पहिल्या दिवशी मला ते पुन्हा चेपावं लागतं. सोप्या उतारावर, सकाळच्या बर्फावर, पाय ताजे असताना. आणि पाय थकले की मी थांबते. "शेवटची एक फेरी" हा मोह मी आता टाळते, कारण थकलेले पाय खोटं सांगू लागतात.

मागून येणाऱ्या माणसांची भीती हा वेगळाच प्रकार होता. पाठीमागे स्कीचा आवाज आला की माझे खांदे कानांपर्यंत चढायचे; वाटायचं, मी सगळ्यांच्या वाटेत आहे. यावर औषध मिळालं ते नियमांत. आंतरराष्ट्रीय स्की आणि स्नोबोर्ड महासंघाचे, म्हणजे एफआयएसचे, उतारावर वागण्याचे दहा नियम आहेत. त्यांतला एक सांगतो की मागून येणाऱ्याने आपली वाट अशी निवडावी की पुढच्याला धोका होणार नाही. म्हणजे पुढे असलेल्या संथ माणसाला तिथे असण्याचा पूर्ण हक्क आहे. माझ्यावर जबाबदारी आहे ती निघताना वर आणि खाली बघून घेण्याची, अरुंद जागी किंवा वरून न दिसणाऱ्या ठिकाणी उभं न राहण्याची. ही जबाबदारी मी मनापासून पाळते. बाकी आवाज मागून येतात आणि जातात.

तिसऱ्या हिवाळ्यात मी पुष्कळ मागे गेले. एका ढगाळ सकाळी प्रकाश असा पसरला की बर्फावरच्या सगळ्या सावल्या नाहीशा झाल्या. उंचवटा कुठला, खळगा कुठला, काही कळेना. आकाश आणि जमीन एकाच रंगाची. मी चालते आहे की थांबले आहे हेही क्षणभर समजलं नाही, आणि त्यातच एका न दिसलेल्या उंचवट्यावरून उडून खांद्यावर पडले. हाड मोडलं नाही, पण दोन आठवडे हात वर जात नव्हता. त्यानंतर मला पुन्हा सोप्या उतारावरही दरदरून घाम फुटू लागला. पाय जाणते होते, बर्फ चांगला होता, आणि तरी तो खड्डा पोटात यायचा. अशा प्रकाशात झाडांच्या कडेने जावं, म्हणजे डोळ्यांना काहीतरी गडद धरायला मिळतं, आणि चष्म्याची काच उजळ रंगाची वापरावी, हे आता मला माहीत आहे. पण त्या वेळी प्रश्न माहितीचा राहिला नव्हता.

मग त्या वर्षी मी पुन्हा बर्फाकडे गेले नाही ते गेलेच नाही. सोडून दिल्याबद्दल स्वतःला बोलही लावले. ती बोच गेली ती एका फार मोठ्या खेळाडूमुळे. अमेरिकेच्या मिकाएला शिफ्रिनच्या नावावर अल्पाइन, म्हणजे उतारावरून खाली येण्याच्या, स्कीइंगच्या विश्वचषक शर्यतींतले इतिहासातले सर्वांत जास्त विजय आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या किलिंग्टनला, शंभराव्या विजयाच्या अगदी उंबरठ्यावर असताना, जायंट स्लालमच्या, म्हणजे खांबांमधून मोठी वळणं घेत उतरण्याच्या, शर्यतीत ती पडली आणि तिच्या पोटाच्या बाजूला खोल जखम झाली. जखम भरली. पण फेब्रुवारी २०२५ मध्ये जागतिक स्पर्धेत तिने जायंट स्लालममध्ये उतरायचं नाही असं ठरवलं आणि कारण उघडपणे सांगितलं. त्या अपघाताचा मानसिक आघात, पीटीएसडी, अजून मनात आहे. त्याच स्पर्धेत ब्रीझी जॉन्सनबरोबर सांघिक प्रकारात तिने सुवर्णपदक मिळवलं, आणि त्याच महिन्यात इटलीतल्या सेस्ट्रिएरेला स्लालममध्ये, म्हणजे जवळजवळच्या खांबांमधल्या छोट्या वळणांच्या शर्यतीत, तिचा शंभरावा विजय आला.

स्कीइंगमध्ये पडून उठण्याच्या कथांना तोटा नाही. १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमध्ये डाउनहिल, म्हणजे सगळ्यांत वेगवान, शर्यतीत हवेत भिरकावला गेलेला ऑस्ट्रियाचा हेर्मान मायर काही दिवसांतच दोन सुवर्णपदकं जिंकला, ती कथा सगळे सांगतात. मला शिफ्रिनची जास्त जवळची वाटते. जे जमत होतं तिथून तिने सुरुवात केली, आणि जे जमत नव्हतं त्याला सगळ्यांसमोर "आज नाही" म्हटलं. जगातल्या सर्वांत जाणत्या पायांनाही असं म्हणावं लागतं, हे कळल्यावर मी त्या चुकलेल्या हिवाळ्याचा राग सोडून दिला.

गेल्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा त्या पहिल्या डोंगरावर गेलो. दादाही होता. मुलगी आता सतरा वर्षांची आहे आणि आमच्यासाठी थांबत नाही, थांबावं असंही मला वाटत नाही. चेअरलिफ्टवरून उतरले, पंधरा-वीस पावलांची तीच सपाटी, तीच पांढरी कड. गुडघे क्षणभर ताठ झाले. सहा वर्षांपूर्वीचे ते गुडघे अजून माझ्यातच आहेत.

"मी पुढे जातो, तू ये," दादा म्हणाला. या वेळी त्याने बाकी काही सांगितलं नाही.

मी कडेपर्यंत गेले, आडवी उभी राहिले, घोटे बोटभर सोडले. दोन हात घसरले, थांबले. पुन्हा दोन हात. तेवढ्यात त्या कडेपलीकडची पोकळी भरून निघाली. तिथे उतार होता, सरळ, रुंद, सकाळच्या रेघा अजून शाबूत असलेला. लाल खुणेचा होता, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. पहिल्या दिवशी मला खांब आणि खुणा दिसल्याच नव्हत्या. मी टोकं खाली सोडली. एक. दोन, तीन, चार. कड धरल्याचा आवाज. पाच, सहा. दुसऱ्या बाजूला एक.

पाच-सहा वळणं झाली असतील. उताराच्या साधारण मध्यावर मी वर पाहून, कडेला होऊन, वळण पूर्ण आडवं नेलं आणि उभी राहिले. दम लागला नव्हता, पाय थकले नव्हते. समोर सगळी दरी उघडी होती आणि खालून एक ढग हळूहळू वर येत होता.

दादा खाली बराच पुढे गेला होता. मी थांबलेली पाहून तोही थांबला आणि दोन्ही हात तोंडाभोवती धरून ओरडला, "काय झालं गं?"

"काही नाही दादा!" मी ओरडले. "थांबलेय."